वाचकांचे प्रश्न : गरुडछाप सोन्याचं नाणं, मोडायचं की ठेवायचं?

दिवाळी झाली की सोन्याचे प्रश्न येतातच, पण यंदा निम्म्याहून जास्त मेल एकाच नाण्याबद्दल आलेत, अमेरिकन गोल्ड ईगल. कारण उघड आहे, न्यू जर्सी नाहीतर डॅलसहून सुट्टीत येणारी मुलं-सुना हल्ली परफ्युम-चॉकलेटऐवजी हे नाणं हातावर ठेवतात आणि मग ते कपाटातून सराफाकडे आणि सराफाकडून परत कपाटात असं फिरत राहतं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, सोन्याचा विषय म्हटल्यावर ते बरोबरच आहे.

प्रश्न : मुलाने माझ्या साठीला अमेरिकेहून एक औंसाचं ईगल नाणं दिलं. आमच्या नेहमीच्या सराफाने पाहून सांगितलं की हे 24 कॅरेटचं नाहीये, 22 चंच आहे, मुलाला फसवलं. आता मुलाला सांगू कसं? (एक आई, नाशिक)

काही सांगू नका हो, मुलगा फसलेला नाहीये. हे नाणं 22 कॅरेटचंच असतं, तसंच पाडतात. 91.67 टक्के सोनं, 3 टक्के चांदी आणि उरलेलं तांबं. अमेरिकन काँग्रेसने 1985 मधे कायदा केला आणि 1986 पासून ही नाणी निघाली. त्याआधी जगभर दक्षिण आफ्रिकेचं क्रुगररँड चालायचं, तेही 22 कॅरेटचं, पण वर्णभेदाच्या भांडणात रेगन सरकारने 1985 मधे त्याची आयात बंद केली आणि आपलं स्वतःचं नाणं काढलं. 22 च का, तर शुद्ध सोनं मऊ, नाणं हातात फिरलं की ओरखडे पडतात. 24 कॅरेटचं अमेरिकन नाणंही आहे, बफेलो म्हणतात त्याला, 2006 पासून निघतं, तुमच्या सराफांच्या डोक्यात बहुतेक ते असेल.

आता खरी गंमत वजनाची आहे आणि इथे लक्ष द्या कारण नुकसान इथेच होतं. एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम. पण तुमचं नाणं काट्यावर ठेवलं तर 33.93 ग्रॅम भरेल. म्हणजे शुद्ध सोनं पूर्ण एक औंस घातलंय आणि चांदी-तांबं वरून, वेगळं. तेव्हा कधी मोडायची वेळ आलीच तर हिशोब दोनच प्रकारे बरोबर येतो, एक तर 22 कॅरेटचा भाव गुणिले 33.93, नाहीतर 24 चा भाव गुणिले 31.1, दोन्ही जवळजवळ सारखंच. पण काही ठिकाणी काय करतात, नाण्यावर एक औंस लिहिलंय म्हणून वजन 31.1 धरतात आणि भाव मात्र 22 चा लावतात, म्हणजे कॅरेटची वजावट दोनदा झाली आणि तुमचा बारावा हिस्सा गेला. आजच्या भावात तो बारावा हिस्सा किती होतो ते तुम्हीच करून बघा, मी लिहीत नाही, अंक छापून येईपर्यंत भाव बदललेला असतो. म्हणून नाणं समोर काट्यावर ठेवायला लावायचं आणि ग्रॅममधेच बोलायचं. तोळ्यात बोलू नका, कारण जुना तोळा 11.66 ग्रॅमचा आणि बाजारात आता 10 ग्रॅमला तोळा म्हणतात, त्या गडबडीत आणखी एक घोळ नको.

आणि नाशिकला आहात तर एकदा त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेचं संग्रहालय बघून या, गोल्ड ईगलसाठी नाही, पण आपल्याकडची जुनी नाणी नीट मांडलेली बघितली की हातातल्या नाण्याकडे बघायची नजर बदलते.

प्रश्न : सासऱ्यांच्या कपाटात मखमली डबीत असंच नाणं मिळालं, आरशासारखं चकचकीत. वर्षाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आहेत आणि बाजूला एक बारीक डब्ल्यू. सराफ म्हणाला वजनाने घेतो. देऊ का? (एक वाचक, कोल्हापूर)

थांबा जरा. ती अक्षरं म्हणजे रोमन आकडे, 1986 ते 1991 या सहा वर्षांच्या नाण्यांवर वर्ष असंच लिहायचे, 1986 साठी एमसीएमएलएक्सएक्सएक्सव्हीआय अशी लांबलचक माळ. 1992 पासून साधे आकडे आले. डब्ल्यू म्हणजे न्यूयॉर्क राज्यातली वेस्ट पॉइंटची टांकसाळ, तीच ती मिलिटरी अकादमीवाली जागा.

साध्या बुलियन नाण्यावर, म्हणजे नुसतं सोनं म्हणून घेतात त्या नाण्यावर, टांकसाळीचं अक्षर नसतं. आरशासारखी जमीन, म्हणजे चित्रामागची मोकळी जागा, त्यावर धुरकट पांढरट दिसणारं चित्र आणि डब्ल्यू असं तिन्ही असेल तर ते प्रूफ नाणं, संग्राहकांसाठी वेगळं पाडलेलं. डबीत एक छापील प्रमाणपत्रही असतं, ते शोधा, सासऱ्यांच्या फायलीत कुठेतरी विम्याच्या कागदांमधे नक्की असेल. डबी, कॅप्सूल आणि कागद एकत्र असेल तर भाव वेगळा, सुटं असेल तर वेगळा.

पण उगीच हवेतही जाऊ नका. बऱ्याच वर्षांच्या प्रूफना हल्ली वजनाच्या भावापेक्षा थोडंच जास्त मिळतं, सोनंच इतकं चढलंय की कलाकुसरीचा प्रीमियम त्यात झाकला जातो. खरी दुर्मीळ मोजकीच आहेत. 1991 चं साधं अर्ध्या औंसाचं, ते फक्त 24,100 पाडलं होतं. 2006 चं विसाव्या वर्षाचं उलटं प्रूफ, ज्यात चित्र आरशासारखं आणि जमीन धुरकट असते. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे 1999 ची चूक, त्या वर्षी 5 आणि 10 डॉलरच्या साध्या नाण्यांना प्रूफसाठी बनवलेले पण पॉलिश न केलेले ठसे लागले, त्यामुळे साध्या नाण्यावर डब्ल्यू उमटला. कुणाकडे 1999 चं छोटं ईगल असेल, चकचकीत नसेल आणि तरी डब्ल्यू असेल तर ते सराफाकडे वजनावर देणं म्हणजे वेडेपणा आहे.

एक विनंती, पुसू नका. रुमालाने नाही, रिठ्याने नाही, टूथपेस्टने तर अजिबातच नाही, दागिना उजळतो तसं नाणं उजळायला गेलात की त्यावर बारीक रेघा पडतात आणि तपासणारा माणूस भिंगातून त्या रेघाच आधी बघतो. अमेरिकेत नाणी तपासून 1 ते 70 मधे दर्जा देणाऱ्या कंपन्या आहेत, पीसीजीएस आणि एनजीसी ही त्यातली मोठी नावं, तिथे पुसलेल्या नाण्याला आकडाच देत नाहीत, नुसतं साफ केलेलं असं लिहून परत पाठवतात.

प्रश्न : आजोबा बोटीवर होते, त्यांच्या पेटीत 20 डॉलरचं सोन्याचं नाणं आहे, उडणारा गरुड, खाली सूर्याची किरणं, वर्ष 1924. नेटवर वाचलं की असंच नाणं शंभर कोटींच्या वर गेलं. घरात दोन तट पडलेत, काय करू? (एक वाचक, मालवण)

तुमचं नाणं खरं असेल तर ते डबल ईगल, 33.44 ग्रॅमचं, त्यात 90 टक्के सोनं म्हणजे जवळजवळ 30 ग्रॅम. शंभर कोटींचं नाणं तुमच्याच नाण्याचं भावंड आहे, चित्र तेच, पण वर्ष 1933. आणि सगळा खेळ त्या वर्षाचा आहे.

आधी चित्राबद्दल सांगतो. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टला आपली नाणी बघून लाज वाटायची, जुन्या ग्रीक नाण्यांसारखी उठावदार हवीत म्हणून त्याने ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराला गाठलं. एका बाजूला मशाल घेऊन चालत येणारी लिबर्टी, दुसऱ्या बाजूला हा उडता गरुड. पहिले नमुने इतके उठावदार होते की एकेका नाण्याला प्रेसचे अनेक ठोके द्यावे लागायचे, बँकवाले म्हणाले यांची चळत उभी राहत नाही, टांकसाळीचा मुख्य कोरीवकार बार्बर आधीपासूनच नाराज, शेवटी उठाव कमी केला. सेंट-गॉडन्स ऑगस्ट 1907 मधे गेला, नाणं लोकांच्या हातात पडलेलं त्याने पाहिलंच नाही. तीच लिबर्टी आजच्या गोल्ड ईगलच्या दर्शनी बाजूला आहे.

आता 1933. मंदी, लोक बँकेतून सोनं काढून घरात दडवतायत, तर दुसऱ्या रूझवेल्टने, फ्रँकलिनने, 5 एप्रिलला हुकूम काढला की सोन्याची नाणी सरकारजमा करा, औंसाला 20.67 डॉलर मिळतील. संग्राहकांच्या दुर्मीळ नाण्यांना सूट होती आणि माणशी 100 डॉलरची नाणी ठेवायची मुभा होती. अमेरिकन माणसाला सोनं मनासारखं बाळगायची मोकळीक परत मिळाली ती थेट 1974 च्या शेवटच्या दिवशी. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे ऐकून मोरारजींचा सुवर्ण नियंत्रण कायदा आठवेल, 14 कॅरेटचा हुकूम आणि रिकामे बसलेले सोनार, तर असा प्रकार त्यांच्याकडे तीस वर्षं आधी होऊन गेला.

तर त्या 1933 साली टांकसाळीने 4,45,500 डबल ईगल पाडून ठेवली होती, हुकुमामुळे ती बाजारात गेलीच नाहीत, दोन स्मिथसोनियन संग्रहालयाला दिली आणि बाकीची वितळवली. काही मात्र मागच्या दाराने बाहेर गेली. त्यातलं एक इजिप्तचा राजा फारूक याच्याकडे पोचलं, तेही रीतसर, कारण 1944 मधे अमेरिकेच्याच खात्याने चुकून बाहेर न्यायचा परवाना दिला! राजा 1952 मधे गादीवरून गेला, त्याचा संग्रह लिलावाला निघाला, अमेरिकेने नाणं परत मागितलं तर ते गायब. मग 1996 मधे न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात एका ब्रिटिश व्यापाऱ्याला सीक्रेट सर्व्हिसने गिऱ्हाईक बनून पकडलं. खटला चालू असताना नाणं वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या तिजोरीत होतं, 2001 मधे तडजोड झाली आणि ते फोर्ट नॉक्सच्या सरकारी तिजोरीत हलवलं, पुढे सप्टेंबरमधे काय झालं ते माहीतच आहे. 2002 मधे ते 75 लाख 90 हजार डॉलरला विकलं गेलं, वर आणखी 20 डॉलर, कारण ते कधी चलनात आलंच नव्हतं तर सरकारला दर्शनी किंमत नको का द्यायला. 2021 मधे तेच 1 कोटी 88 लाख डॉलरच्या वर गेलं. खासगी माणसाकडे कायदेशीर असलेलं ते एकमेव. फिलाडेल्फियाच्या एका जवाहिऱ्याच्या घरच्यांना अशीच दहा सापडली, त्यांनी खरी आहेत का बघा म्हणून टांकसाळीला दाखवली आणि टांकसाळीने ठेवूनच घेतली, कोर्टात वर्षानुवर्षं भांडूनही परत मिळाली नाहीत.

तुमचं 1924 चं मात्र या मालिकेतलं सगळ्यात सहज मिळणारं वर्ष आहे, 43 लाखांच्या वर पाडली होती आणि पुष्कळशी युरोपातल्या बँकांच्या तिजोऱ्यांत गेल्यामुळे वितळण्यापासून वाचली. म्हणजे किंमत सोन्याची आणि वर थोडी. तारखेजवळ टांकसाळीचं अक्षर आहे का तेवढं भिंगाने बघा, नसेल तर फिलाडेल्फियाचं साधं, पण एस किंवा डी असेल तर जपून, ती 1924 ची बरीच कमी आहेत.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं जुनं कुठलंही नाणं पुरावस्तू धरलं जातं. 1924 ला शंभर होऊन गेली. तेव्हा भाचा अमेरिकेत आहे, त्याच्याबरोबर ग्रेडिंगला पाठवू असं मनात असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे लेखी विचारा, बॅगेत टाकून देऊ नका. दोन तटांचं म्हणाल तर नाणं एक आणि वारस दोन असतील तर विकून वाटणं सोपं, पण तो सल्ला या सदरात बसत नाही.

प्रश्न : नाण्यावरचा पक्षी नक्की कोणता? आमच्या ग्रुपवर एक म्हणतो घार, एक म्हणतो गिधाड. (पक्षीनिरीक्षक, दापोली)

गिधाड म्हणणाऱ्याला ग्रुपमधून काढा. तो बाल्ड ईगल आहे, नाव तसं असलं तरी टक्कल वगैरे काही नसतं, डोक्यावर पांढरी पिसं असतात, तीही साधारण पाच वर्षांचा झाल्यावर येतात, तोवर सगळा तपकिरी. दापोलीला बसून तुम्ही त्याचा चुलतभाऊ रोज बघता, पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड, दोघं एकाच कुळातले, दोघंही मासेखाऊ आणि दोघंही उंच झाडावर काट्याकुट्यांचं भलंमोठं घरटं बांधून वर्षानुवर्षं तेच वापरतात.

घरट्याचं म्हणताय तर नाण्याची जुनी मागची बाजू बघाच. नर ऑलिव्हची फांदी घेऊन घरट्याकडे येतोय, घरट्यात मादी आणि पिल्लं. डॅलसच्या मायली ब्युसिक या शिल्पकार बाईंचं चित्र आहे ते, एकटा रुबाबदार गरुड नको, कुटुंब हवं असा त्यांचा हट्ट होता आणि त्यासाठी त्यांनी वॉशिंग्टनच्या अनेक खेपा केल्या. 1986 मधे हे नाणं निघालं तेव्हा तो पक्षी धोक्यात आलेल्यांच्या यादीत होता, डीडीटीमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन घरट्यातच फुटायची, डीडीटीवर 1972 मधे बंदी आली आणि यादीतून नाव निघायला 2007 उजाडलं. त्या काळात घरट्यात पिल्लं दाखवणं म्हणजे नुसती सजावट नव्हती.

2021 च्या मध्यापासून मागची बाजू बदलली, आता जेनी नॉरिस यांनी काढलेलं गरुडाचं नुसतं डोकं आहे, अगदी जवळून. बाईंनी शिकारी पक्षी हाताळायचं कामही केलंय, डोळा आणि चोच बघितली की ते कळतं. तरी मला विचाराल तर जुनं घरटंच चांगलं, नवं चित्र फार पासपोर्ट फोटोसारखं वाटतं. रुबाबाचं म्हणाल तर बेंजामिन फ्रँकलिनने 1784 मधेच मुलीला लिहिलं होतं की हा पक्षी दुसऱ्याने पकडलेला मासा हिसकावून खातो, देशाचं चिन्ह म्हणून शोभत नाही. राजमुद्रेवर तो 1782 पासून आहे, पण राष्ट्रीय पक्षी म्हणून कायद्याने जाहीर झाला डिसेंबर 2024 मधे, तोपर्यंत सगळे गृहीतच धरून चालले होते. आणि हो, अमेरिकेत फिरताना त्याचं पीस सापडलं तर उचलू नका, नाणं बाळगता येतं, पीस बाळगणं गुन्हा आहे.

प्रश्न : 2022 चं नाणं घेतलं, कडेच्या दातऱ्यांत एका जागी एक दातरा नाहीये. नकली का? (एक वाचक, पुणे)

नाही, ती मुद्दाम सोडलेली जागा आहे, नव्या डिझाइनपासून नकली ओळखायला ठेवलेली खूण. उलट 2022 च्या नाण्याला सगळे दातरे पूर्ण असते तर मी काळजी केली असती. 2021 मधे जुनी-नवी दोन्ही प्रकारची नाणी निघालीत, तेव्हा त्या वर्षाचं असेल तर आधी मागचं चित्र बघून ठरवा.

नकली ओळखायला लोक लोहचुंबक लावतात, तेवढ्यावर जाऊ नका, शिसं आणि टंगस्टनही चुंबकाला चिकटत नाही. वजन 33.93 ग्रॅम, व्यास 32.7 मिमी आणि जाडी 2.87 मिमी, ही तिन्ही मापं एकत्र जुळायला हवीत, हलक्या धातूचं केलं तर वजन भरायला नाणं जाड होतं, इतकं सरळ आहे. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. आणि सोन्याच्या भावापेक्षा स्वस्त ईगल ऑनलाइन दिसलं तर पुढे वाचायचीही गरज नाही.

प्रश्न : पेंडंट करून घेऊ का? (एक मैत्रीण, ठाणे)

कडी डागून नको, एकदा डाग लागला की ते नाणं राहत नाही, मोड होते. नाण्याभोवती बसणारी स्क्रूची चौकट करून घ्या, ती पुन्हा काढता येते. आपल्याकडे पुतळ्यांच्या माळेत किती चांगली नाणी अशी कड्या लावून गेलीत, पण माळ सुंदर दिसते हेही खरंच. साधं बुलियन असेल आणि हौस असेल तर करा बाई, प्रूफ असेल तर नको.

प्रश्न : मुलगी येताना दोन नाणी आणणार आहे, बाईमाणसाला 40 ग्रॅम चालतं ना? (एक बाबा, सांगली)

ती सवलत दागिन्यांची आहे, नाण्याला ती लागू नाही आणि हा गैरसमज विमानतळावर फार महागात पडतो. ती सहा महिन्यांहून जास्त परदेशात राहिलेली असेल तर ठरलेली ड्युटी भरून सोनं रीतसर आणता येतं, खरेदीची पावती हाताशी ठेवायची, रेड चॅनलला जाऊन स्वतः सांगायचं आणि भरल्याची पावती घेऊन जपायची. ड्युटीचा दर आणि मर्यादा सरकार बदलत असतं, तेव्हा निघायच्या आठवड्यात कस्टम्सच्या साइटवर बघायला सांगा. मुलीकडून मिळालेल्या भेटीवर तुम्हाला इन्कम टॅक्स नाही, फक्त तिच्याकडून दोन ओळींचं गिफ्ट पत्र घेऊन ठेवा.

प्रश्न : नाण्यावर 50 डॉलर लिहिलंय, म्हणजे किंमत तेवढीच का? आणि मी डॅलसलाच राहतो, इथे विकलं तर टॅक्स किती? (एक वाचक, टेक्सास)

50 डॉलर ही कायद्याची दर्शनी किंमत, दुकानात दिलंत तर दुकानदार आनंदाने घेईल. लास व्हेगासच्या एका कॉन्ट्रॅक्टरने याचाच फायदा घ्यायचं ठरवलं, कामगारांना पगार सोन्या-चांदीच्या नाण्यांत द्यायचा आणि टॅक्ससाठी नाण्यावर लिहिलेली किंमत धरायची, म्हणजे पगार कागदावर इतका कमी की टॅक्सच लागू नये. 2009 मधे कोर्टाने दोषी ठरवलं आणि 15 वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा तुमचा नफा बाजारभावावरच मोजायचा. एक वर्षाहून जास्त ठेवून विकलंत तर अमेरिकेत हे नाणं कलेक्टिबल धरलं जातं, शेअरसारखा 15 किंवा 20 टक्क्यांचा दर नाही, कमाल 28 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. रिटायरमेंटच्या बचतीचं आयआरए नावाचं खातं असतं, त्यात मात्र हे ठेवता येतं, तिथे बाकी सोन्याला 99.5 टक्के शुद्धतेची अट आहे पण ईगलला 22 कॅरेट असूनही कायद्यातच सूट दिलेली आहे, फक्त नाणं घरी ठेवता येत नाही, कस्टोडियनकडेच, म्हणजे ते खातं सांभाळणाऱ्या संस्थेकडे, ठेवावं लागतं.